लिगंड, धातू आणि आयसोमर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बारावीच्या आणि बी.एस्सी.च्या मुलांकडून वर्षानुवर्षं येत आहेत. हल्ली खताच्या पाकिटावरचं ‘चिलेटेड’ वाचून विचारणाऱ्या बागायतदारांचीही त्यात भर पडली आहे. उत्तरं कुठूनही वाचता येतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. सूत्रांपेक्षा कोण कुठे बसलंय याला इथे जास्त महत्त्व आहे, म्हणून शक्य तिथे सूत्र शब्दांत सांगितलं आहे.

१. अमोनियाची संयुजा तर तीन हायड्रोजननी पूर्ण झालेली असते. मग तो धातूला धरतो कसा?

नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन हायड्रोजनशी बंध करण्यात जातात, पण दोन इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी राहते. ही जोडी तो धातूच्या रिकाम्या ऑर्बिटलमध्ये देऊ करतो. अशी जोडी देणारा रेणू किंवा आयन म्हणजे लिगंड. पाणी, क्लोराइड, सायनाइड हे सगळे याच न्यायाने लिगंड ठरतात.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर परीक्षानळीत मोरचूदाचं फिकट निळं द्रावण घ्या आणि अमोनियाचे थेंब सोडत जा. आधी निळसर पांढरा अवक्षेप येतो, तो कॉपर हायड्रॉक्साइडचा. थेंब थांबवू नका. अमोनिया वाढला की अवक्षेप विरघळतो आणि द्रावण एकदम गर्द निळं होतं. तांब्याभोवतीच्या पाण्याच्या चार रेणूंची जागा अमोनियाने घेतलेली असते. तांबं तेच, त्याचा प्रभारही तोच, फक्त शेजारी बदलले.

२. सूत्रातल्या चौकटी कंसाच्या आत आणि बाहेर असण्याने असा काय फरक पडतो?

आतले धातूला थेट बांधलेले असतात, बाहेरचे पाण्यात मोकळे फिरतात. ही कल्पना आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडली, तेव्हा ते जेमतेम २६ वर्षांचे होते. कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनिया यांची संयुगं तेव्हा माहीत होती. सहा अमोनियांचं पिवळं-नारिंगी, पाचांचं जांभळं, चारांचं हिरवं. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पहिल्यातले तिन्ही क्लोराइड अवक्षेप देतात, दुसऱ्यातले दोन, तिसऱ्यातला एकच. वेर्नर म्हणाले, कोबाल्टभोवती जागा नेहमी सहाच असतात. अमोनिया कमी पडला की क्लोराइड आत सरकतो, आणि आत गेलेला क्लोराइड चांदीच्या हाती लागत नाही.

कोपनहेगनचे योर्गेन्सन मानत असत की अमोनियाचे रेणू एकमेकांना धरून साखळी करतात. वरची तिन्ही निरीक्षणं त्या साखळीतूनही सुटत होती. खरी कसोटी होती तीन अमोनियांच्या संयुगाची. साखळीच्या हिशेबाने त्यातला एक क्लोराइड मोकळा हवा, वेर्नर यांच्या हिशेबाने एकही नको. योर्गेन्सन यांनी स्वतःच केलेल्या इरिडियमच्या अशा संयुगाने अवक्षेप दिला नाही. आपल्या मताविरुद्ध जाणारा निकाल त्यांनी लपवला नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

३. तुरटीतही दोन क्षार एकत्र आहेत. तिला कॉम्प्लेक्स (धातू आणि त्याला बांधलेले लिगंड मिळून झालेला घटक) का म्हणत नाहीत?

तुरटी पाण्यात टाकली की पोटॅशियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट असे तिन्ही आयन सुटे होतात आणि प्रत्येकाची चाचणी येते. तो दुहेरी क्षार. पोटॅशियम फेरोसायनाइडच्या द्रावणात सुटं लोह किंवा सुटा सायनाइड नेहमीच्या चाचण्यांना सापडत नाही, कारण सहा सायनाइड लोहाला धरूनच असतात.

४. जोडी एकानेच दिली, म्हणून हा बंध साध्या सहसंयुज बंधापेक्षा कच्चा असतो का?

नाही. इलेक्ट्रॉन कुठून आले हा फक्त हिशेबाचा भाग. अमोनियम आयनात चौथा हायड्रोजन ‘दिलेल्या’ जोडीवर बसलेला असतो, पण चारही बंध हुबेहूब सारखेच असतात. बंध किती पक्का हे धातू, त्याचा प्रभार आणि लिगंड यांवर ठरतं. बाण काढायचा की रेघ, यावर वेळ घालवू नका.

५. कार्बन मोनॉक्साइड अगदी दुबळा दाता आहे. तरी तो निकेल आणि लोहाला एवढा घट्ट कसा धरतो?

कारण तो देतो तसा घेतोही. कार्बनकडची जोडी धातूकडे जाते, आणि धातूच्या भरलेल्या डी-ऑर्बिटलमधले इलेक्ट्रॉन त्याच्या रिकाम्या पाय-प्रतिबंधी ऑर्बिटलमध्ये परत येतात. दोन्ही देवघेवी एकमेकींना बळ देतात. याचा पुरावा अवरक्त वर्णपटात दिसतो. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा २१४३ प्रति सेंटिमीटरला येतो, क्रोमियम हेक्साकार्बोनिलमध्ये तो २००० च्या आसपास उतरतो. प्रतिबंधी ऑर्बिटल भरू लागल्याने कार्बन-ऑक्सिजन बंध सैल झालेला असतो.

बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावतात, त्यामागे हाच बंध आहे. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला चार बाजूंनी पॉर्फिरिनचे नायट्रोजन आणि पाचव्या बाजूने हिस्टिडीन धरून असतं. सहावी जागा ऑक्सिजनची, आणि कार्बन मोनॉक्साइड ती ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट ओढीने बळकावतो.

६. चिलेट म्हणजे काय, आणि ते इतकं टिकाऊ का असतं?

एकाच रेणूने दोन किंवा अधिक अणूंनी धातू धरला की वलय तयार होतं, ते चिलेट. एथिलीनडायअमाइन दोन नायट्रोजननी धरतं. पाण्याचा कठीणपणा मोजायला प्रयोगशाळेत वापरतात ते ईडीटीए सहा जागांनी. म्हणून समन्वय अंक मोजताना लिगंड मोजू नका, धातूला लागलेले अणू मोजा. तीन एथिलीनडायअमाइन असले तरी समन्वय अंक सहाच.

टिकाऊपणाचा आकडा बघा. निकेलला सहा अमोनिया आणि निकेलला तीन एथिलीनडायअमाइन, दोन्हीकडे सहा नायट्रोजनच. तरीही दुसऱ्याचा स्थिरता स्थिरांक (पकड किती पक्की याचं माप) पहिल्याच्या जवळजवळ १० अब्ज पट आहे. मुख्य कारण एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा. तीन रेणू आत आले आणि पाण्याचे सहा बाहेर पडले, म्हणजे मोकळ्या कणांची संख्या वाढली. शिवाय एक टोक सुटलं तरी दुसऱ्याने रेणू धातूपाशीच राहतो आणि सुटलेलं टोक लगेच परत लागतं.

७. उसाला केवडा पडलाय (पानं पिवळी पडलीत). दुकानदार ईडीटीएवालं फेरस आणि ईडीडीएचएवालं फेरस दोन्ही दाखवतो, दुसरं खूप महाग आहे. फरक खरा आहे का?

जमिनीतून द्यायचं असेल आणि जमीन चुनखडीची असेल, तर फरक खरा आहे. अशा जमिनीचा पीएच ७ च्या वर असतो आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. तिथे ईडीटीए लोह सोडून कॅल्शियमला धरतं, आणि सुटलेलं लोह पिकाला न मिळणाऱ्या रूपात बसून जातं. ईडीडीएचए लोहाला त्याहून कितीतरी घट्ट धरतं, म्हणून ते चुनखडीतही टिकतं. फवारणीत औषध पानावरच पडतं आणि जमिनीशी संबंध येत नाही, त्यामुळे तिथे ईडीटीएवर काम भागतं.

काही पाकिटांवर ‘ऑर्थो-ऑर्थो’ची टक्केवारी दिलेली असते, ती जरूर वाचा. ईडीडीएचए तयार होताना त्याचे आयसोमरही (समघटक: अणू तेच, मांडणी वेगळी) तयार होतात. ऑर्थो-ऑर्थो रूपात दोन्ही फिनॉलचे ऑक्सिजन लोहापर्यंत पोहोचतात आणि सहा बंध होतात. ऑर्थो-पॅरा रूपात एक ऑक्सिजन वलयाच्या पलीकडच्या टोकाला असतो, तो लोहाला टेकूच शकत नाही. बंध पाचच राहतात आणि पकड ढिली पडते. घटक तेच, वजन तेच, पण उपयोग वेगळा. पुढचे सगळे प्रश्न याच गोष्टीचे आहेत.

८. रचना समघटकांची इतकी नावं आहेत. ओळखायचे कसे?

नावं पाठ करण्याआधी काय बदललं ते पाहा. आतला आयन आणि बाहेरचा आयन यांची अदलाबदल झाली तर ती आयनन समघटकता. पाच अमोनियांचं कोबाल्ट घ्या. ब्रोमाइड आत आणि सल्फेट बाहेर असेल तर संयुग जांभळं असतं आणि बेरियम क्लोराइडने अवक्षेप देतं. उलट असेल तर ते लाल असतं आणि सिल्व्हर नायट्रेटला प्रतिसाद देतं. धन आणि ऋण दोन्ही आयन कॉम्प्लेक्स असतील तर धातूंमध्ये लिगंडांची अदलाबदल होऊ शकते. कोबाल्टला सहा अमोनिया आणि क्रोमियमला सहा सायनाइड, किंवा याच्या बरोबर उलट.

पाण्याची अदलाबदल झाली तर ती जलयोजन समघटकता, आणि ती कुठल्याही प्रयोगशाळेत दाखवता येते. क्रोमिक क्लोराइडच्या बाटलीतले गडद हिरवे स्फटिक थंड पाण्यात विरघळवून लगेच सिल्व्हर नायट्रेट घाला. तीनपैकी एकाच क्लोराइडचा अवक्षेप पडेल, कारण दोन आत आहेत. तेच द्रावण ठेवून द्या. पाणी हळूहळू आत शिरतं, क्लोराइड बाहेर पडतात आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. सहाही जागी पाणी असलेलं रूप जांभळंच असतं.

९. नायट्राइट कधी नायट्रोजनने जोडला जातो, कधी ऑक्सिजनने. हे कोण ठरवतं?

याला बंधन समघटकता म्हणतात. असा लिगंड एका वेळी एकाच अणूने धरतो, फक्त धरणाऱ्या अणूचे पर्याय दोन असतात. चिलेटमध्ये (प्रश्न ६) दोन अणू एकाच वेळी धरतात. परीक्षेत या दोघांची गल्लत हमखास होते.

सर्वांत सुंदर उदाहरण योर्गेन्सन यांचंच आहे. पाच अमोनियांच्या कोबाल्टला नायट्राइट ऑक्सिजनने जोडला तर संयुग लाल, नायट्रोजनने जोडला तर पिवळं. लाल रूप नुसतं ठेवलं तरी सावकाश पिवळं होत जातं, कारण पिवळं जास्त स्थिर आहे. प्रकाशात पिवळ्याचा काही भाग उलट लाल होतो. हा बदल होताना नायट्राइट कोबाल्टला सोडून जात नाही, तिथल्या तिथे कूस बदलतो.

थायोसायनेटच्या बाबतीत धातूचा स्वभाव निर्णायक ठरतो. +३ लोहासारखा लहान, जास्त प्रभाराचा धातू नायट्रोजनचं टोक पसंत करतो. क्षार विश्लेषणात दिसणारा रक्तासारखा लाल रंग तो हाच. पाऱ्यासारखा मोठा, मऊ धातू गंधकाचं टोक धरतो. पण हा कल आहे, कायदा नाही. शेजारचे लिगंड बदलले की पसंतीही फिरू शकते.

१०. सिस आणि ट्रान्स यांत नुसती दिशाच तर वेगळी असते. त्याने गुणधर्म बदलतात?

बदलतात, आणि एका ठिकाणी तर जीव वाचण्याइतके बदलतात.

सारखे लिगंड शेजारी-शेजारी असतील तर सिस, समोरासमोर असतील तर ट्रान्स. आधी रंग. चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असलेल्या कोबाल्टचं ट्रान्स रूप हिरवं, सिस रूप जांभळं. सहा जागा अष्टफलकाच्या (आठ त्रिकोणी फलकांच्या आकृतीच्या) कोपऱ्यांवर असतील तर अशी रूपं दोनच निघतात. सपाट षटकोन किंवा त्रिकोणी प्रिझम धरलं तर तीन निघायला हवीत. जांभळं रूप वेर्नर यांना १९०७ मध्ये मिळालं आणि योर्गेन्सन यांनी हार मान्य केली.

आता सिसप्लॅटिन. प्लॅटिनमभोवती सपाट चौरसात दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड, एकसारखे शेजारी-शेजारी. पेरोने यांनी हे संयुग १८४४ मध्येच केलं होतं. १९६५ मध्ये मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विद्युत क्षेत्राचा परिणाम पाहत होते. जिवाणू लांबच लांब वाढत होते, पण विभागत नव्हते. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या संयुगांत. अमेरिकेत १९७८ मध्ये कर्करोगावरचं औषध म्हणून सिसप्लॅटिनला मंजुरी मिळाली, आणि वृषणाच्या कर्करोगाचे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण त्याने पार बदलून टाकलं.

रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने रेणू तसाच राहतो. पेशीत क्लोराइड कमी असतो, तिथे पाणी त्याची जागा घेतं आणि मग डीएनएवरचे दोन लगतचे ग्वानिन प्लॅटिनम धरतात. डीएनए तिथे वाकतो. ट्रान्स रूपाचे दोन हात विरुद्ध दिशांना असल्यामुळे ते लगतचे दोन ग्वानिन असे पकडू शकत नाही.

११. मग हवं तेच रूप तयार कसं करतात?

प्लॅटिनमच्या बाबतीत ट्रान्स परिणाम वापरून. क्लोराइड आपल्या समोरच्या लिगंडला अमोनियापेक्षा जास्त सैल करतो. हा नियम चेर्न्यायेव यांनी १९२६ मध्ये मांडला. चार क्लोराइडवाल्या प्लॅटिनमपासून सुरुवात केली तर पहिला अमोनिया कुठेही बसतो. दुसरा मात्र क्लोराइडच्या समोरचा क्लोराइड काढूनच बसतो, म्हणजे पहिल्याच्या शेजारी, आणि सिस मिळतं. चार अमोनियांपासून सुरुवात करून क्लोराइड घातलं तर पहिल्या क्लोराइडच्या समोरचाच अमोनिया निघतो आणि ट्रान्स मिळतं. घटक तेच, क्रम उलटला की रूप उलटलं.

१२. फॅक आणि मेर कधी वापरायचं?

अष्टफलकात तीन-तीन सारखे लिगंड असतील तेव्हा. तिन्ही एकाच त्रिकोणी फलकावर असतील तर फॅक. तिघांतले दोन समोरासमोर येऊन तिन्ही एका पट्ट्यात बसले तर मेर.

१३. प्रकाशीय समघटक ओळखण्याची खात्रीची रीत कोणती?

आरशातली प्रतिमा काढा आणि ती मूळ रेणूवर तंतोतंत बसते का पाहा. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसं झालं तर रेणूला दोन प्रकाशीय रूपं आहेत. रेणूत सममितीचा आरसा सापडला तर मात्र ती नाहीतच. तीन एथिलीनडायअमाइनचं कोबाल्ट तीन पात्यांच्या पंख्यासारखं वळलेलं असतं, म्हणून त्याची डावी-उजवी रूपं असतात. दोन एथिलीनडायअमाइन आणि दोन क्लोराइड असतील तर सिसला दोन रूपं, ट्रान्सला एकच.

वेर्नर यांचे विद्यार्थी व्हिक्टर किंग यांनी १९११ मध्ये अशी रूपं प्रत्यक्ष वेगळी केली. त्यांच्या कोबाल्टला दोन एथिलीनडायअमाइन, एक अमोनिया आणि एक क्लोराइड होता. तरी शंकेखोर म्हणत होते की ही करामत लिगंडमधल्या कार्बनची. मग १९१४ मध्ये वेर्नर यांनी चार कोबाल्टचा, कार्बनचा एकही अणू नसलेला आयन डाव्या-उजव्या रूपांत वेगळा करून दाखवला. माझ्या मते नोबेल मिळवून देणाऱ्या कामापेक्षाही (ते १९१३ मध्ये मिळालं) हे उत्तर जास्त देखणं आहे.

१४. ‘एकूण किती आयसोमर’ या प्रश्नात नेहमी चुकतं. मोजायचं कसं?

कोपरे मोजू नका, समोरासमोरच्या जोड्या मोजा. समजा तीन प्रकारचे लिगंड प्रत्येकी दोन आहेत. तिन्ही जोड्या समोरासमोर: एक रूप. एकच जोडी समोरासमोर: ती कोणती त्यावर तीन रूपं. कोणतीच नाही: एक रूप. झाली पाच भौमितिक रूपं. शेवटच्याला तेवढी डावी-उजवी बाजू आहे, म्हणून एकूण सहा. सहाही लिगंड वेगळे असतील तर १५ भौमितिक, आणि प्रत्येकाचं आरशातलं रूप वेगळं, म्हणजे एकूण ३०.

दोन्ही टोकं वेगळी असलेले तीन चिलेट लिगंड (उदाहरणार्थ ग्लायसिनेट) असतील तर फॅक आणि मेर दोघांनाही डावं-उजवं रूप असतं. उत्तर चार. इथे दोन लिहून गुण घालवणारे पुष्कळ.

१५. चतुष्फलकात सिस-ट्रान्स नसतं आणि सपाट चौरसात प्रकाशीय समघटक नसतात, हे नियम पक्के आहेत का?

पहिला पक्का आहे. चतुष्फलकाचा प्रत्येक कोपरा बाकी तिघांच्या शेजारीच असतो, समोर कोणी नसतंच. दुसरा बहुतेक वेळा खरा, कारण चौरसाचं प्रतलच आरसा बनतं. पण लिगंडने तो आरसा मोडला तर? १९३५ मध्ये मिल्स आणि क्विबेल यांनी प्लॅटिनमला दोन डायअमाइन जोडले. एकावर दोन मिथाइल गट एकाच कार्बनवर, दुसऱ्यावर दोन फिनाइल गट प्रतलाच्या एकाच बाजूला. रचना चतुष्फलकीय असती तर रेणूत सममितीचा आरसा उरला असता. त्यांना प्रकाशीय रूपं मिळाली. नियमाचा अपवाद आणि प्लॅटिनम सपाट असल्याचा पुरावा, दोन्ही एका संयुगात.

१६. सगळी उदाहरणं कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनमचीच का? तांब्याचे किंवा मँगनीजचे आयसोमर का दाखवत नाहीत?

हा या यादीतला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि तो फार कमी जण विचारतात. आयसोमर कागदावर असणं वेगळं आणि बाटलीत असणं वेगळं. तांब्याभोवतीचं पाणी सेकंदाला अब्जावधी वेळा बदलतं. तिथे द्रावणात सिस केलंत तरी ते वेगळं काढेपर्यंत मिश्रण झालेलं असतं. +३ क्रोमियमभोवतीचा पाण्याचा रेणू बदलायला दिवस लागतात, म्हणून त्याची रूपं बाटलीत भरता येतात. पहिल्या प्रकाराला चंचल आणि दुसऱ्याला अक्रिय म्हणतात. या विषयाचा पाया घालणारे हेन्री टाउबे यांना १९८३ चं नोबेल मिळालं.

चंचल म्हणजे अस्थिर नव्हे. निकेलचा चार सायनाइडवाला आयन अत्यंत स्थिर असतो, तरी त्याचे सायनाइड झपाट्याने बदलतात. उलट सहा अमोनियांचं कोबाल्ट आम्लात फुटायला हवं, पण दिवसेंदिवस तसंच राहतं, कारण बदलाची वाटच चढणीची आहे. आयसोमर मोजायला बसण्याआधी ते टिकतील का, हे शिकवलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

१७. एकही बंध न तुटता डावं रूप उजवं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि या शोधात आपल्याकडचं नाव आहे. कोलकात्याचे प्रियदारंजन राय आणि एन. के. दत्त यांनी १९४३ मध्ये कोबाल्टच्या बायग्वानाइड संयुगांचा अभ्यास करताना अशी वाट सुचवली. (मधुमेहावरचं मेटफॉर्मिन याच बायग्वानाइड कुळातलं.) चिलेट वलयं पिळली जातात, अष्टफलक क्षणभर त्रिकोणी प्रिझम होतं आणि पलीकडे आरशातलं रूप म्हणून बाहेर पडतं. थोड्या वेगळ्या अक्षाभोवतीचा पीळ अमेरिकेतल्या बेलार यांनी १९५८ मध्ये मांडला. पाठ्यपुस्तकांत दोन्ही नावं शेजारी-शेजारी येतात, राय-दत्त पीळ आणि बेलार पीळ.

१८. समन्वय अंक पाच असेल तर आकार कोणता?

त्रिकोणी द्विपिरॅमिड किंवा चौरस पिरॅमिड. दोघांच्या ऊर्जेत फरक इतका थोडा की लोहाच्या पेंटाकार्बोनिलमध्ये टोकाचे आणि मधले कार्बन मोनॉक्साइड सतत जागा बदलत राहतात. त्यामुळे इथे आयसोमर वेगळे काढणं सहसा जमत नाही. निकेलचा पाच सायनाइडवाला आयन मात्र तीन एथिलीनडायअमाइनच्या क्रोमियमबरोबर स्फटिक करतो, तेव्हा एकाच स्फटिकात दोन्ही आकार सापडतात. काही आयन चौरस पिरॅमिड असतात आणि काही विस्कटलेलं त्रिकोणी द्विपिरॅमिड.